दोन अपत्यांची अट, नसबंदीचे टार्गेट आणि मराठवाड्यातील बाईचे आयुष्य

अंबाजोगाई तालुक्यातील एका शाळेच्या तरुण शिक्षकांनी मला तीन प्रश्न लिहून पाठवले आहेत. त्यांच्या गावातील एक कर्तबगार महिला सदस्य तिसऱ्या अपत्याच्या कारणावरून ग्रामपंचायतीतून अपात्र ठरली. ही अट न्याय्य आहे काय, सरकारच्या धोरणांमुळे लोकसंख्या खरोखर आटोक्यात आली काय, आणि आता आणखी कडक कायदा हवा असे जे बोलले जाते त्याविषयी माझे मत काय, असे त्यांचे विचारणे आहे. बीड, जालना आणि आताच्या धाराशिव जिल्ह्यांतील प्राथमिक आरोग्य केंद्रांत व ग्रामीण रुग्णालयांत मी ३३ वर्षे वैद्यकीय अधिकारी म्हणून काम केले. कुटुंब नियोजनाच्या कार्यक्रमात माझा स्वतःचा हात होता, त्यामुळे या उत्तरात काही ठिकाणी माझी स्वतःची जबाबदारीही मला मान्य करावी लागणार आहे.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत सोपे आहे, म्हणून ते आधी देते. जन्मदर आटोक्यात आलेला आहे. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील एका स्त्रीला आयुष्यात सरासरी २.९ मुले होत होती. २०१९-२१ च्या पाचव्या सर्वेक्षणात हा आकडा १.७ वर आला. एक पिढी दुसऱ्या पिढीची जागा जेमतेम भरून काढते ती पातळी २.१ मानली जाते, म्हणजे आपण त्याच्याही खाली आहोत. आपल्याकडे अजून भरमसाट मुले होतात ही समजूत पारावरच्या गप्पांत टिकून असली, तरी प्रसूतिगृहाच्या नोंदवहीत ती दिसत नाही. मी नोकरीला लागले तेव्हा पाचवे-सहावे बाळंतपण ही रोजची गोष्ट होती. निवृत्त झाले तेव्हा चौथ्या खेपेची बाई आली की नर्स मला मुद्दाम बोलावून दाखवत असे.

मात्र हा दर कोणत्या वाटेने खाली आला, याची किंमत कोणी मोजली, हे कोणी विचारत नाही. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे निम्म्या, म्हणजे ४९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली आहे. पुरुषांच्या नसबंदीवर विसंबून असलेली जोडपी शंभरात एकही भरत नाहीत. हे असे का झाले, ते समजण्यासाठी आणीबाणीपर्यंत मागे जावे लागते.

आपल्या भाषेत संततिनियमनाचा विचार सरकारने आणलेला नाही. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले आणि १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. त्यांच्या मांडणीत स्त्रीचे आरोग्य आणि स्त्रीची इच्छा यांना स्थान होते. १९५२ मध्ये भारत सरकारने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम हाती घेतला, जगात असा पहिलाच, आणि हळूहळू त्या विचारातील माणूस मागे पडून आकडा पुढे आला. एप्रिल १९७६ मध्ये केंद्रीय आरोग्यमंत्री करण सिंह यांनी राष्ट्रीय लोकसंख्या धोरण जाहीर केले आणि राज्यांना सक्तीचे कायदे करण्यास मोकळीक दिली. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तीन अपत्यांनंतर नसबंदी सक्तीची करणारे विधेयक संमत केले. तेव्हाचे मुख्यमंत्री शंकरराव चव्हाण आपल्याच नांदेडचे होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा अमलात आला नाही. मात्र अंमलबजावणी कायद्याची वाट पाहत थांबली नव्हती. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पुरुषांच्या होत्या. पुढे आणीबाणीतील अतिरेकांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगापुढे नसबंदीशी संबंधित १,७७४ मृत्यूंच्या आणि ५४८ अविवाहितांच्या नसबंदीच्या तक्रारी नोंदवल्या गेल्या. मी तेव्हा शाळेत होते. गावाच्या वेशीवर जीप दिसली की बापे माणसे भाकरी बांधून शेतावर मुक्कामाला जात, हे मला आजही लख्ख आठवते.

१९७७ च्या निवडणुकीत सरकार गेले, 'कुटुंब नियोजन' खात्याचे 'कुटुंब कल्याण' झाले, आणि एक धडा सगळ्या पक्षांनी शिकून घेतला, तो म्हणजे पुरुषाच्या अंगाला हात लावायचा नाही. टार्गेट मात्र राहिले. मग ते कोणाकडून पूर्ण करायचे, याचे उत्तर न बोलताच ठरून गेले. पुरुषाची शस्त्रक्रिया जागा बधिर करून पंधरा-वीस मिनिटांत होते, बिनटाक्याच्या पद्धतीत टाकाही घालावा लागत नाही. बाईचे पोट उघडावे लागते किंवा त्यात दुर्बीण घालावी लागते. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने पहिला पर्याय पुरुषाचाच असायला हवा होता. मी शेकडो घरांत हे समजावले, आणि बहुतेक घरांत सासूने, आणि पुष्कळदा खुद्द त्या बाईनेच, मला सांगितले की नवऱ्याला कष्टाची कामे करायची आहेत, त्याच्या अंगात ताकद राहणार नाही. ही समजूत निराधार आहे. उसाच्या फडात कापलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवण्याचे काम त्याच बाया करतात, आणि ऑपरेशन झाल्यावर काही महिन्यांतच त्या पुन्हा त्या कामावर जातात.

टार्गेटचे दिवस मी आतून पाहिले आहेत. आमच्या बोलीत बाईला 'केस' म्हणत. प्रत्येक नर्सबाईला वर्षाच्या केसेस ठरवून दिलेल्या असत. मोहिमेच्या वेळी तलाठी, ग्रामसेवक आणि तुमच्यासारखे शिक्षकही त्यात ओढले जात. डिसेंबर ते मार्च हा हंगाम. मार्च अखेरीला आढावा बैठकीत सर्वांसमोर उभे करून विचारले जाई, 'किती केसेस बाकी?' गरोदर मातांच्या तपासण्या किती, अशक्तपणा किती जणींचा कमी झाला, याची विचारणा त्या बैठकीत क्वचितच होई. शिबिराच्या दिवशी जीपमधून पंचवीस-तीस बाया आणल्या जात, सतरंजीवर ओळीने निजवल्या जात, जिल्ह्याहून आलेले सर्जन एकामागून एक शस्त्रक्रिया करीत आणि संध्याकाळी निघून जात. रात्री त्यांच्या उशाशी थांबणारी डॉक्टर म्हणून मी असे. त्या बायांना संमतिपत्र वाचून दाखवले जाई हे खरे, पण तांबी, गोळ्या, निरोध हे इतर मार्ग त्यांना कोणी नीट समजावलेले नसत, कारण त्या मार्गांना टार्गेटमध्ये तेवढे वजन नव्हते. पर्याय न सांगता घेतलेल्या संमतीला संमती म्हणावे काय, हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला पुरेसा विचारला नाही. याची खंत मला आहे.

एका बाईची आठवण मी मुद्दाम लिहिते. २२ वर्षांची होती, दोन मुले झाली म्हणून तिचे ऑपरेशन आमच्याच केंद्रात झाले. पुढच्या हंगामात फडावर जुलाबाने तिचा धाकटा मुलगा गेला. ती माझ्यासमोर येऊन बसली आणि म्हणाली, 'डॉक्टरीणबाई, गाठ सोडता येते का?' नळी पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया असते, पण ती मोठ्या रुग्णालयात होते आणि तिच्या यशाची खात्री देता येत नाही, हे मी तिला सांगितले. तिच्या नवऱ्याने दोन वर्षांनी दुसरे लग्न केले. आमच्या वार्षिक अहवालात ती यशस्वी केस म्हणून नोंदवलेली होती, आणि ती नोंद कधी बदलली नाही.

लोकसंख्येवरील १९९४ च्या कैरो परिषदेनंतर भारताने १९९६ पासून वरून लादलेली टार्गेट रद्द केली आणि २००० च्या राष्ट्रीय लोकसंख्या धोरणाने ऐच्छिक निवडीचा पुरस्कार केला. कागदावर हा मोठा बदल होता. खाली येईपर्यंत 'टार्गेट' गेले आणि 'अपेक्षित काम' आले. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात एका सर्जनने काही तासांत ८३ स्त्रियांच्या शस्त्रक्रिया केल्या आणि जिल्ह्यातील त्या वेळच्या शिबिरांत मिळून १३ जणींचा मृत्यू झाला. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला.

मराठवाड्यात या सगळ्याला ऊसतोडीची जोड आहे, आणि माझ्या मते आपल्याकडचे सर्वांत गंभीर परिणाम तिथेच दिसतात. मजूर गोळा करणारा मुकादम उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देतो ती जोडप्याला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्या मुलाला अर्धा कोयता म्हणतात आणि त्याला उचल कमी मिळते, म्हणून मुलाचे लग्न लवकर उरकले जाते. मुलीच्या आईबापांना सहा महिने तिला गावात एकटी ठेवण्याची धास्ती असते, म्हणून तिचेही. पाचव्या सर्वेक्षणानुसार २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी १८ वर्षांच्या आत लग्न झालेल्या परभणी जिल्ह्यात ४८ टक्के आणि बीड जिल्ह्यात जवळपास ४४ टक्के होत्या. राज्याचे प्रमाण २२ टक्के होते. सोळाव्या वर्षी लग्न, विसाव्यापर्यंत दोन बाळंतपणे, बाविसाव्या वर्षी ऑपरेशन, आणि तिशीत 'पिशवी', म्हणजे गर्भाशय, काढणे, असा एक क्रम मी शेकडो बायांच्या केसपेपरवर वाचला आहे. २०१९ मध्ये गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची ओरड झाल्यावर राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नसबंदीमुळे गर्भाशय काढावे लागते असे मी म्हणत नाही. तसा सरळ संबंध नाही. मात्र 'आता मुले होणार नाहीत, मग पिशवी ठेवून काय करायचे' हे वाक्य खासगी दवाखान्यांतून बाहेर आलेल्या बायांच्या तोंडून मी वारंवार ऐकले आहे. अंगावरून पांढरे जाणे, पाठदुखी, ओटीपोटात दुखणे या तक्रारी औषधाने आणि स्वच्छ पाण्याने बऱ्या होण्यासारख्या असतात. पण एक दिवस कामावर गेले नाही तर खाडा, म्हणजे दंड, भरावा लागतो, कोप्यांजवळ, म्हणजे फडावरच्या झोपड्यांजवळ, आडोसा नसतो, आणि सरकारी यंत्रणा तिच्या शरीराकडे ऑपरेशनपुरतीच पाहत आलेली असते. जन्मदराच्या तक्त्यात मात्र ही बाई धोरणाचे यश म्हणूनच मोजली जाते.

मुलींविषयी आता लिहिते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा ८९४ होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य, १९८८ चे. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदे होते, सोनोग्राफी यंत्रेही नोंदलेली होती, आणि तरीही २०१२ मध्ये परळीत एका विवाहितेचा बेकायदेशीर गर्भपातात जीव गेल्यावरच प्रशासन खडबडून जागे झाले. मुलाचा हट्ट सरकारने निर्माण केलेला नाही. तो वतनाच्या, हुंड्याच्या, म्हातारपणीच्या आधाराच्या आपल्याच व्यवहारातून आला आहे. परंतु ज्या घराला पूर्वी मुलगा होईपर्यंत चार-पाच बाळंतपणांची वाट पाहता येत होती, त्या घराला 'दोनच' असे सांगितले गेले, आणि मुलाची अपेक्षा तेवढीच राहिली, तेव्हा दोनपैकी एक मुलगा हवाच, हे गणित यंत्राच्या साहाय्याने सोडवले गेले. धोरण आखणाऱ्यांनी कुटुंबाचा आकार बदलण्यावर जेवढी शक्ती खर्च केली, तिचा दहावा हिस्सा मुलीच्या नावे जमीन लागावी यासाठी खर्च झाला असता तर चित्र वेगळे दिसले असते, असे मला वाटते. २००५ ते २०११ या काळात जन्मलेली ती मुले आता लग्नाच्या वयात येत आहेत. गावोगाव शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, दलाल पैसे घेऊन परमुलखातून लग्ने लावून देतात आणि काही ठिकाणी फसवणूक होते, हे तुम्हीही पाहत असाल.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाकडे येते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये दोनपेक्षा अधिक अपत्ये असणाऱ्या व्यक्तीला अपात्र ठरवणारी तरतूद आहे. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेले तिसरे अपत्य तिला लागू पडते. शासकीय सेवेसाठी २००५ च्या नियमांनी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र आणले. हरियाणातील अशाच तरतुदीला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जावेद प्रकरणात वैध ठरवले, त्यामुळे अट घटनाबाह्य आहे असा युक्तिवाद करून आज उपयोग नाही. लोकप्रतिनिधीने स्वतः उदाहरण घालून द्यावे, ही त्यामागची भूमिका मी समजू शकते. तरीही अट अन्यायकारक आहे असेच माझे मत आहे, कारण मूल होण्याचा निर्णय ज्या घरात बाईच्या हाती नसतो, त्या घरात शिक्षा मात्र तिच्या पदाला होते. २०११ पासून आपल्याकडे पंचायतीत ५० टक्के जागा स्त्रियांना आहेत. एका हाताने दिलेली खुर्ची दुसऱ्या हाताने काढून घेतली जाते. निवडणूक लढवण्याच्या वयाची बाई म्हणजे मुले होण्याच्या वयाचीच बाई, हे ही अट लिहिणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही काय?

माजी सनदी अधिकारी निर्मला बुच यांनी पंचायतीतील याच अटीविषयी आंध्र प्रदेश, हरियाणा, मध्य प्रदेश, ओडिशा आणि राजस्थान येथे केलेल्या अभ्यासात बायका सोडून देणे, मूल दुसऱ्याला देऊन टाकणे, गर्भपात करवणे असे प्रकार पुढे आले होते. मला आपल्या भागात दिसले ते याच जातीचे. तिसऱ्या खेपेची गरोदर बाई नावनोंदणीलाच येत नाही. मग धनुर्वाताची लस नाही, रक्त तपासणी नाही, आणि थेट कळा सुरू झाल्यावर ती जोखमीच्या अवस्थेत दारात येते. जन्मलेले मूल दिराच्या नावावर लावले जाते आणि पुढे शाळेच्या दाखल्यात, जमिनीच्या वाटणीत ते मूल आपल्या आईबापांना आईबाप म्हणून सिद्ध करू शकत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मूल दत्तक दिले तरी अपात्रता टळत नाही, असा निर्णय ओडिशाच्या एका प्रकरणात दिला, परंतु ही लपवाछपवी थांबलेली नाही. मध्य प्रदेश, हिमाचल आणि हरियाणा यांनी ही अट पुढे काढून टाकली; आंध्र प्रदेशने २०२४ मध्ये काढली, आणि तिथे आता वृद्धांचे वाढते प्रमाण ही चिंता बोलून दाखवली जाते.

कडक कायद्याची मागणी करणाऱ्यांचा एक प्रामाणिक गोंधळ आहे, तो दूर करायला हवा. दर घटूनही लोकसंख्या वाढताना दिसते, कारण मागच्या पिढीतील मुले आज तरुण आहेत. समजा एका वस्तीत म्हातारी दहा जोडपी आणि तरुण तीस जोडपी आहेत; तरुणांनी प्रत्येकी एकच मूल होऊ दिले तरी तीस जन्म होतील, मृत्यू वीसच होतील, आणि वस्ती वाढेल. ही वाढ कायद्याने थांबत नाही, ती वयाबरोबर आपोआप ओसरते. चीनने १९८० च्या सुमारास एक अपत्याचे धोरण सक्तीने राबवले, २०१६ मध्ये दोन आणि २०२१ मध्ये तीन मुलांना परवानगी दिली, तरी २०२२ पासून तिथली लोकसंख्या घटू लागली. एकदा मागे गेलेले पाऊल आदेशाने पुढे येत नाही. केरळने सक्तीचा कायदा न करता, मुलींचे शिक्षण आणि घराजवळचा दवाखाना यांच्या बळावर, आपल्या कितीतरी आधी हीच पातळी गाठली होती.

तुमच्या हातात काय आहे, ते आता सांगते. ज्या महिला सदस्यांविषयी तुम्ही लिहिले, त्यांनी मुलांचे मूळ जन्मदाखले वकिलाला दाखवावेत. एका अपत्यानंतरच्या दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली असतील तर कायदा ती दोन मुले एकच धरतो, आणि ही सवलत पुष्कळांना माहीत नसल्याने माणसे विनाकारण पद सोडून मोकळी होतात. आशाताईंना सांगा की तांबी, 'अंतरा' हे गर्भनिरोधक इंजेक्शन आणि 'छाया' या गर्भनिरोधक गोळ्या केंद्रात मोफत मिळतात. पहिले बाळंतपण झालेल्या मुलीला पाळणा लांबवता आला तर बाविसाव्या वर्षीच्या ऑपरेशनची घाई राहत नाही. पुरुषांची बिनटाका शस्त्रक्रिया करून घेतलेला एखादा ऊसतोड कामगार शेजारच्या गावात असेल तर त्याला तुमच्या गावातील बाप्यांसमोर बोलू द्या. माझ्या सांगण्याने जे झाले नाही ते अशा एका माणसाच्या सांगण्याने दोन वस्त्यांत झालेले मी पाहिले आहे. मात्र शस्त्रक्रियेनंतर तीन महिने दुसरे साधन वापरायचे आणि मग वीर्यतपासणी करायची, हे त्याने सांगितलेच पाहिजे, नाहीतर पहिल्याच अपयशाने बायकोवर संशय येतो.

आणि तुमच्या आठवी-नववीच्या वर्गातील ज्या मुलींचे आईवडील दसऱ्यानंतर कारखान्यावर जाणार आहेत, त्यांची यादी सप्टेंबरमध्येच करा व हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा. राहण्याची सोय नक्की झाली असे आईला दसऱ्याआधी कळले, तर ती उन्हाळ्यापर्यंत लग्न पुढे ढकलते. लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर गावातील बालविवाह प्रतिबंध अधिकारी ग्रामसेवकच असतो. त्याच्याकडे लेखी कळवा, आणि तो टाळाटाळ करू लागला तर १०९८ या क्रमांकावर फोन करा, तुमचे नाव ते गुप्त ठेवतात.